गाण्यातली रिकामी जागा

२ ऑगस्ट

क्लिनिकमधली नर्स म्हणाली, "मिस आयोनी, ओरडू नका हो. तुम्ही ओरडलात की तुमचं प्रेशर चढतं आणि आमचंही. बोलायचंय ते लिहून काढत जा." म्हणून लिहितेय.

लिहायला आज पुष्कळ आहे. सकाळी रेडिओ लावला तर कोंबडीच्या मसाल्याची जाहिरात, आणि तिच्या मागे काय वाजतंय? तुरुंगात पिचलेल्या एका माणसाचं गाणं. मी ओळखत होते त्याला. सुटून आला तेव्हा त्याच्या हाताची बोटं वळत नव्हती. आता त्याच्या कण्हण्यावर हे कोंबडी तळतात. वर सगळे म्हणतात, बघा, आपल्या बेटाचं रेगे संगीत जगभर पोचलं! पोचलं खरं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत उन्हाने लाल झालेले पाहुणे त्यावर ढुंगण हलवतात. गाण्यात काय म्हटलंय ते त्यांना कुणी सांगत नाही, सांगितलं तर हातातली रम कडू लागेल. शी!

ऑगस्ट म्हणजे शाळेच्या गणवेशांचा महिना. खाकी पँट आणि चुण्यांचे निळे झगे शिवून मान धरली आहे. दुपारी एगबर्ट जेवायला आला. माझा थोरला भाऊ. पक्का रास्ताफारी पंथाचा, डोक्यावर जटांचं गाठोडं, मीठ खात नाही, मत देत नाही. त्याच्यासाठी मी रोज बिनमिठाचं वेगळं पातेलं चढवते आणि रोज कुरकुरते.

"निवडणूक लागली," तो म्हणाला. "आता खांबाखांबावर थोबाडं लागतील."

लागलेलीच आहेत. आमच्या टॅमरिंड लेनच्या तोंडाशी, पिवळ्या कागदावर, दात काढून हसणारा डेन्झिल पेनंट. जुन्या पेनंटचा मुलगा. बापाचंच नाक. मी शिळ्या लापशीचं भांडं तिथेच विसळलं.

४ ऑगस्ट

आज एक सज्जन माणूस भेटला, ही नवलाची गोष्ट लिहून ठेवते.

ओनील नाव. सेलेक्टर आहे, म्हणजे साउंडवर गाणी लावणारा. माणसापेक्षा उंच स्पीकरच्या पेट्या ट्रकवर चढवून गल्लोगल्ली नाच भरवतात, त्यांतला. तिशी ओलांडलेली, बूट कोरे करकरीत. आत येताना पाय पुसले. हल्ली पाय कोण पुसतं? माझं नाव ऐकून टोपी काढली आणि म्हणाला, "मिस आयोनी, 'कुणी पाडलं' हे गाणं ऐकत मी वाढलो. एगबर्टभाईंनी लिहिलं असेल, पण लोकांच्या कानात आहे तो तुमचा आवाज."

चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते गाणं आईचं आहे. खाडीकाठच्या वस्तीवर बुलडोझर आले तेव्हा मी अठराची होते. उजाडायच्या आत आले, बरोबर पोलीस. हुकूम जुन्या पेनंटचा, तो तेव्हा मंत्री होता. आम्ही सगळे बाहेर पडलो, आई शिवणयंत्र आणायला परत आत गेली. आत माणसं आहेत म्हणून आम्ही ओरडत होतो. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं, आणि गाडी पुढे घेतली.

एगबर्टने गाणं रचलं: 'कुणी पाडलं गं मायचं घर? कुणी फिरवलं चुलीवर चाक?' दोन्ही प्रश्नांनंतर पेनंटचं नाव होतं. स्टुडिओचा मालक घाबरला. म्हणाला, नाव घातलंत तर माझा स्टुडिओ जाळतील. शेवटी नावाची जागा मोकळी सोडली, तिथे नुसता ड्रम. रेडिओने तरीही गाणं बंद पाडलं. पण पहिल्याच नाचात सेलेक्टरने त्या जागी आवाज खाली घेतला आणि अख्खी गर्दी पत्र्याची कुंपणं बडवत ओरडली, "पेनंट!" तेव्हापासून कुठेही लावा, सेलेक्टर तिथे आवाज खाली घेतो आणि लोक नाव भरतात. रेकॉर्डवर जे नाही तेच सगळ्यांना पाठ आहे. ज्यांना बुलडोझर माहीत नाही त्या पोरांनासुद्धा.

ओनीलला त्याची डबप्लेट हवी आहे. म्हणजे त्याच्या साउंडसाठी मुद्दाम पुन्हा गायलेली प्रत, दुसऱ्या कुणाकडे नसलेली. दोन साउंड समोरासमोर झुंजतात तेव्हा जुन्या गायकाची अशी प्रत ज्याच्याकडे, त्याची सरशी. झुंजीसाठी शब्द बदलायचे, ही रीतच आहे: 'कुणी उतरवली त्यांची मस्ती? कुणी लावली त्यांची वाट?' आणि पुढे साउंडचं नाव.

"नाव तुम्ही घेऊ नका," ओनील म्हणाला. "जागा होती तशी मोकळी ठेवा. नावाचं मी बघतो."

गाण्याची केवढी जाण! झुंज कुणाशी म्हणून विचारलं तर हसला. "मोठी आहे, मिस आयोनी. सप्टेंबरच्या सुरुवातीला. अख्खं बेट ऐकेल."

५ ऑगस्ट

एगबर्टला सांगितलं. चमचा खाली ठेवून म्हणाला, "आईचं गाणं झुंजीत लावायचं नाही."

"का? पोरंच आहेत. नाचू देत."

"कुणाची पोरं? कुणाचा साउंड? नाव काय साउंडचं?"

नाव मी विचारलं नव्हतं. पण त्याने ज्या सुरात विचारलं त्याची चीड आली. मी म्हटलं, "तुला नाही विचारलं म्हणून पोटात दुखतंय तुझ्या." उठून गेला. अर्धं पातेलं तसंच राहिलं.

त्याला जळायला मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी दिलं आहे. जळू दे.

८ ऑगस्ट

गायले! आवाज अजून आहे. वरच्या पट्टीत जरा खरखरतो, पण ओनील म्हणाला त्या खरखरीतच जीव आहे.

स्टुडिओ चांगला गार होता. कोपऱ्यात छतापर्यंत पिवळ्या बनियनचे खोके रचलेले. मी म्हटलं, "दुकान आहे का काय?" ओनील म्हणाला, "मालकाचा जोडधंदा." लांब बाह्यांचा शर्ट घातलेला एक गृहस्थ सोफ्यावर बसून सारखा फोनवर बोलत होता, "हो साहेब, आवाज अगदी तसाच आहे. हो, म्हाताऱ्या बायका रडतील." स्टुडिओचा मालक असावा. मला बघून अर्धवट उठला. त्याच्या अत्तराच्या वासाने डोकं उठलं, पण माणूस अदबीचा होता.

'त्यांची मस्ती' म्हणताना जरा हसून गा, असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं. हसले. परत आले तर एगबर्ट आलेला नव्हता.

१५ ऑगस्ट

मी शेण खाल्लं. पहिल्यांदा ते लिहिते, मग बाकीचं.

निळ्या झग्याला टाचण्या लावत होते. लेनच्या तोंडाशी माझा आवाज ऐकू आला. माझाच. 'कुणी उतरवली त्यांची मस्ती?' मग आवाज खाली गेला, ड्रम वाजला, आणि लेनमधली पोरं ओरडली, "पेनंट!" धावत बाहेर आले. ट्रकवर पेट्या, पेट्यांवर पिवळे झेंडे, मधे डेन्झिल पेनंट हात हलवतोय. वर ओनील, कानाला हेडफोन. 'कुणी लावली त्यांची वाट?' "पेनंट!" पत्रे बडवताहेत. पिवळे बनियन अंगावर.

नाव बदलावं लागलं नाही. काहीच बदलावं लागलं नाही. आम्ही चाळीस वर्षं ज्या जागी शिवी घालत आलो, तिथे त्यांनी तीच शिवी जयजयकार म्हणून वाजवली, आणि शिकवायचे कष्टसुद्धा नाहीत. लोकांना पाठ आहे. आम्हीच पाठ करून घेतलं होतं.

नळावर मिस डॉर्कस बादली धरून उभी होती. तीही खाडीकाठचीच; वस्ती पाडली तेव्हा तिचा धाकटा भाऊ लिंकन पाळण्यात होता, पत्र्याखाली गेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू आहेस ना गं ती?" मी मान हलवली. तिने बादली उचलली, अर्धीच भरलेली, आणि गेली.

 

१६ ऑगस्ट

ओनीलला गाठलं. ट्रकखाली उताणा पडून तारा जोडत होता. मी त्याच्या कोऱ्या बुटावर लाथ मारली.

"मिस आयोनी! गाजतंय बघा तुमचं गाणं!"

"तू मला झुंज म्हणून सांगितलंस."

"मग ही निवडणूक काय आहे?" बाहेर येऊन हात पुसत म्हणाला. "खोटं एक अक्षर बोललो नाही. सप्टेंबरची म्हटलं, मोठी म्हटलं. साउंड कुणाचा ते तुम्ही विचारलंतच नाही. आणि माझं ऐका, गाणं म्हणजे गाणं. लोक नाचतात ना?"

मी म्हटलं, "माझी आई आहे त्यात."

"असेल की," तो म्हणाला, आणि खरंच मायेने म्हणाला, त्याचाच जास्त संताप आला. "सगळ्यांचीच असते कुणीतरी. तुम्ही उन्हात उभ्या राहू नका, प्रेशर आहे तुम्हाला."

माझं प्रेशर मीच सांगितलं होतं त्याला. सगळं सांगितलं होतं. पाय पुसले म्हणून.

२२ ऑगस्ट

एगबर्ट येत नाही. मी बिनमिठाचं पातेलं चढवते आणि सांजवेळी शेळीपुढे ओतते. त्याच्या दारापर्यंत गेले एकदा. तो ड्रमचं कातडं ताणत बसला होता, वर पाहिलं नाही. म्हणाला, "तुझा आवाज मी ट्रकवर ओळखला. आईचा हाक मारायचा आवाज तसा होता." एवढंच. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

माझा मला वीट आलाय. शिवणयंत्र चालवताना पाय थांबतो आणि गाणं डोक्यात सुरू होतं, हसऱ्या सुरातलं.

२५ ऑगस्ट

लांब बाह्यांचा गृहस्थ आला होता, त्याच अत्तरासकट. रविवारी मैदानावर पेनंटची सभा आहे. "साहेबांची इच्छा आहे की तुम्ही मंचावर येऊन दोन ओळी म्हणाव्यात. तुमचा सत्कार करायचाय."

मी त्याला फाटकाबाहेर घालवणार होते. तोंडातून निघालं, "येईन."

मिस डॉर्कस संध्याकाळी आली, आपणहून. म्हणाली, "डोकं फिरलंय का तुझं? त्याच्या मंचावर त्याच्याविरुद्ध बोललीस तर तुला या लेनमध्ये राहू देतील का? आणि बाजूने बोललीस तर मी राहू देणार नाही."

"मी गाण्याचे मूळ शब्द म्हणणार आहे," मी म्हटलं. "'कुणी पाडलं गं मायचं घर?' त्याच्या तोंडावर. लोक नाव घेतीलच."

ती उठून फाटकापर्यंत गेली. मग म्हणाली, "मी पुढे उभी राहीन."

३० ऑगस्ट

सगळं जसं झालं तसं लिहिते.

मैदानभर पिवळं. कढयांत बोकडाच्या मुंडीचं सूप उकळत होतं, माशा घोंगावत होत्या, पुठ्ठ्याच्या डब्यांतून तळलेली कोंबडी वाटत होते आणि माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत होती. ज्यांच्या घरात नळ नाही ते नळ देतो म्हणणाऱ्याच्या नावाने नाचत होते. लोकांची किळस आली म्हणायची मला लाज वाटते, पण आली.

पेनंटने मला हात देऊन मंचावर चढवलं. हात मऊ, दमट. माझ्या गालाचा मुका घेतला. ओनीलने पेट्यांमधून नुसतं संगीत सोडलं, माझ्या हातात माइक दिला आणि डोळा मारला.

मी म्हटलं, "कुणी पाडलं गं मायचं घर?"

ओनीलने आवाज खाली घेतला.

"पेनंट!" सगळं मैदान. हसत, उड्या मारत, हात वर करून.

"कुणी फिरवलं चुलीवर चाक?"

"पेनंट!"

आणि पेनंटसुद्धा नाचत होता. टाळ्या वाजवत, माझ्याकडे बघून मान डोलवत. शब्द बदललेत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. प्रश्न कुणी ऐकतच नव्हतं. जागा आली की नाव घालायचं, बस. मी त्याच्या तोंडावर थुंकायला आले होते आणि त्याने ती थुंकी अत्तरासारखी अंगाला चोळली.  एवढ्यासाठी आले होते मी? पुढे मिस डॉर्कस उभी होती. ती नाव घेत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आता काय करतेस असं.

पुढची ओळ मला माहीत नव्हती. तोंडातून आली. "आत कोण होतं?"

ड्रम वाजला. काही जण "पे..." म्हणाले आणि थांबले. कुणालाच उत्तर पाठ नव्हतं.

पुन्हा म्हटलं, "घर पाडलं तेव्हा आत कोण होतं?"

"लिंकन!" मिस डॉर्कस ओरडली. एवढीशी बाई, आवाज केवढा.

"आत कोण होतं?"

"मार्सेला!" हे मीच म्हटलं. आमची आई.

"आत कोण होतं?"

मागून कुणीतरी, "मिस फीबी!" डावीकडून एक म्हातारा, काठी उंचावून, "माझा बाप! इझिकेल!" पिवळ्या बनियनमधली एक पोरगी शेजारच्या आजीला विचारत होती, काय झालं, कोण गेलं? पाचवं नाव येणार तेवढ्यात संगीत बंद झालं. लांब बाह्यांच्या गृहस्थाने ओनीलचा हात धरला होता.

पेनंटने माझ्या हातातून माइक घेतला. अगदी हळू, आजाऱ्याच्या हातातून पेला घ्यावा तसा. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बंधुभगिनींनो, मान खाली घालूया. मिस आयोनींनी आठवण करून दिली, त्या वर्षीच्या भयंकर वादळात आपण ज्यांना गमावलं त्या जिवांसाठी प्रार्थना करूया."

वादळ! आणि त्याने डोळे मिटले. आणि मैदानाने मान खाली घातली. टोप्या उतरल्या. त्याने देवाला हाक मारली, चार वाक्यं फार सुंदर बोलला, आणि लोक म्हणाले, "आमेन." माझ्या खांद्यावर त्याचा हात तसाच. मेलेल्यांनाही पिवळे बनियन चढवले त्याने, माझ्या डोळ्यांदेखत.

आमेननंतरच्या शांततेत, मैदानाच्या टोकाकडून, माइकशिवाय, एक आवाज आला.

"वादळाला ड्रायव्हर नसतो, पेनंट!"

एगबर्ट. कुंपणापाशी उभा, जटा मोकळ्या सोडलेल्या. आयुष्यात तो कधी सभेला गेला नव्हता.

"त्या ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं होतं! तुझ्या बापाने त्याला पाठवलं होतं! मार्सेला आत होती!"

कुणी पत्रा बडवला नाही. कुणी हसलंही नाही. पेनंटच्या तोंडावरून मला काही कळलं नाही, पण खांद्यावरचा हात निघाला. मग ओनीलने दुसरंच कुठलं तरी गाणं एवढ्या जोरात लावलं की छातीत धडधडलं, आणि सभा संपली.

बरेच लोक सूप प्यायला थांबले, हेही लिहून ठेवते. मिस डॉर्कसने कोंबडीचा डबा घेतला. मी बघत राहिले तशी म्हणाली, "काय बघतेस? त्याला मत देणार नाही, कोंबडी मात्र खाईन."

एगबर्ट आणि मी चालत घरी आलो. मी म्हटलं, "एगबर्ट, मी तुला विचारायला हवं होतं."  फाटकापाशी येऊन तो म्हणाला, "पातेल्यात काही आहे का?" होतं. मी रोजच चढवत होते.

४ सप्टेंबर

पेनंट निवडून आला. आमच्या लेनमधूनसुद्धा त्याला भरपूर मतं पडली. कुणीतरी माझं फाटक पिवळं रंगवून ठेवलं आहे, आणि दोन बायकांनी गणवेशाचं कापड परत नेलं, आता शिवायचं नाही असं म्हणत. ओनील रस्त्यात दिसला, टोपी काढली, मी बघितलं नाही. जिंकल्याची मिरवणूक आता कधीही येईल. नर्सने आता माझं प्रेशर मोजलं तर ती बेशुद्ध पडेल.

एगबर्ट सकाळीच ड्रम घेऊन आला. त्याने त्या सभेवर गाणं बांधलं आहे. चाल चांगली आहे, त्याच्या मानाने फारच चांगली. पहिली ओळ म्हणून दाखवली आणि वरचा सूर मला धरायला सांगितला. मी धरला. ओळ संपली तशी मी सवयीने थांबले, लोकांसाठी.

"थांबू नकोस," एगबर्ट म्हणाला. "या वेळी जागा सोडायची नाही. नाव आपण गायचं. बापाचं, मुलाचं, आणि कशासाठी तेही."

"स्टुडिओवाला घेणार नाही."

"नको घेऊ दे."

"फाटक रंगवलंय, एगबर्ट. पुढच्या खेपेला घर जाळतील."

तो म्हणाला, "हो." आणि ड्रमवर हात ठेवून माझी वाट बघत बसला.

मी शिवणयंत्रावरचा झगा बाजूला केला, दार सताड उघडलं, म्हणजे लेनला ऐकू जावं, आणि नाव घेतलं.